हाडांचा ठिसूळपणा : स्त्रियांनी काय जाणावे, काय करावे

घरातील वडीलधारी बाई न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले, ही वार्ता आपल्या परिचयाच्या कुटुंबांतून अधूनमधून कानी येतेच. आपण हळहळतो, भेटीला जातो, फळे घेऊन जातो, आणि परत येताना म्हणतो, "वयच झालं हो त्यांचं!" हे वयाचे पालुपद एवढे अंगवळणी पडले आहे की, पुढचा प्रश्न कोणी विचारीतच नाही. उभ्याने पडल्यावर माणसाचे हाड मोडावे काय? लहान मूल दिवसातून दहा वेळा पडते, त्याचे काही मोडत नाही. तरणाताठा माणूस चिखलात घसरून आपटतो आणि कपडे झटकून चालू लागतो. वैद्यकशास्त्राचे मत असे की, उभ्या माणसाच्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून हाड मोडले, तर ते हाड आधीपासूनच दुबळे झालेले होते असे समजावे. पडणे हे निमित्त झाले. खरे दुखणे दहावीस वर्षे आत वाढत होते, आणि त्याचे नाव ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे अस्थींची सच्छिद्रता. आपल्या साध्या भाषेत हाडांचा ठिसूळपणा.

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत हा रूक्ष विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर एवढेच की, या अंकाच्या वाचकांत निम्म्याहून अधिक भगिनी असतील, आणि हे दुखणे पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी अधिक गाठते. शिवाय ते बऱ्याच अंशी टाळता येते व उरलेल्या अंशी त्याला औषध आहे. टाळता येण्याजोगे दुखणे केवळ माहितीअभावी भोगावे लागणे, यासारखी चुटपुट दुसरी नाही.

हाड म्हणजे लाकडाच्या खांबासारखी निर्जीव वस्तू, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. हाड जिवंत आहे. त्यात एका जातीच्या पेशी सतत जुना भाग कुरतडून काढीत असतात आणि दुसऱ्या जातीच्या पेशी त्या जागी नवा भाग भरीत असतात. जुने घर राहते ठेवूनच एकेका भिंतीची डागडुजी चालावी, तसा हा व्यवहार आहे. सुमारे दहा वर्षांत मनुष्याचा सगळा सांगाडा अशा रीतीने नवा होतो. लहानपणी भरणे अधिक आणि काढणे कमी, म्हणून हाड वाढते. विशी ओलांडेपर्यंत बहुतेक साठा जमा झालेला असतो, तिशीच्या सुमारास तो पुरा होतो. पुढे काही वर्षे जमा-खर्च बरोबरीत चालतो. नंतर खर्चाची बाजू वरचढ होऊ लागते.

या व्यवहारात आणखी एक खुबी आहे. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. उरलेला एक टक्का रक्तात व इतर पेशींत. पण हा एक टक्का फार महत्त्वाचा. हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल, रक्त गोठणे ही सगळी कामे त्यावर चालतात, म्हणून रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण शरीर काटेकोरपणे सांभाळते. आहारातून ते पुरेसे आले नाही, तर गळ्याशी असलेल्या चार इवल्याशा ग्रंथी हुकूम सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम उचलले जाते. म्हणूनच रक्ताची तपासणी करून "कॅल्शियम ठीक आहे" असा निकाल आला, तरी हाडे ठीक आहेत असे होत नाही. घरात रोजचा स्वयंपाक व्यवस्थित चालला आहे, पण तो दागिने मोडून चालला आहे, असा हा प्रकार होऊ शकतो.

आता स्त्रियांनाच हे का? त्यांची हाडे मुळात पुरुषांपेक्षा लहान व हलकी असतात, हे एक कारण. पण मुख्य कारण ऋतुनिवृत्ती. स्त्रीच्या बीजकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन नावाचे द्रव्य हाड कुरतडणाऱ्या पेशींना लगाम घालीत असते. पाळी थांबली की हा लगाम सुटतो. पाळी गेल्यानंतरच्या पाचसात वर्षांत हाडांचा साठा कधी कधी वीस टक्क्यांपर्यंत घटतो. फुलर अल्ब्राइट या अमेरिकन डॉक्टरांनी १९४०-४१ च्या सुमारास हा संबंध प्रथम स्पष्टपणे मांडला. पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांची पाळी साधारण पन्नाशी-एकावन्नाव्या वर्षी जाते. आपल्याकडे ती त्याहून तीनचार वर्षे अगोदर जाते. म्हणजे आपला साठा मुळात कमी, आणि खर्चही लवकर सुरू!

याहून वाईट अवस्था होते ती तरुणपणी शस्त्रक्रियेने गर्भाशयासह बीजकोशही काढून टाकल्यास. निसर्गतः जे दहापंधरा वर्षांनी व्हायचे ते एका दिवसात होते. महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ब्याऐंशी हजार स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. कामाचा खाडा पडू नये, पाळीची कटकट नको, अशी त्यामागची कारणे. ही गोष्ट फक्त उसाच्या फडातली आहे असे मात्र समजू नये. सुशिक्षित घरांतूनही "आता मुलंबाळं झाली, पिशवी काढून टाकू" असे सहज म्हटले जाते. काढणे कधी कधी अटळ असते. पण बीजकोश राखता येतील काय, आणि राखता येत नसतील तर पुढे हाडांसाठी काय करावयाचे, हे दोन प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी विचारलेच पाहिजेत. लहान वयात बीजकोश गेले तर नैसर्गिक ऋतुनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन बाहेरून देण्याचा विचार डॉक्टर करतात.

हाडांच्या साठ्याची गोष्ट किती मागे जाते, हे पुण्याच्या एका संशोधनावरून कळते. तेथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा आहार नोंदवून ठेवला. त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर त्या मुलांची हाडे यंत्राने मोजली. २००६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, ज्या माता गरोदरपणी दूधदुभते, डाळी, पालेभाज्या असे कॅल्शियमयुक्त पदार्थ वरचेवर खात होत्या, त्यांच्या मुलांची हाडे अधिक भरीव होती. गरोदर सुनेच्या ताटात दह्याची वाटी वाढणारी सासू नातवंडाच्या हाडांसाठीही काही वाढीत असते, असा याचा अर्थ. पुण्याच्याच हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतील लहान मुलांना रोज कॅल्शियमयुक्त लाडू देऊन पाहिले. वर्षभराने त्यांच्या हाडांत साध्या लाडवावरील मुलांपेक्षा अधिक भर पडलेली दिसली. हे लाडू विलायती औषध नव्हते. धान्य आणि डाळींचेच होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. वीणा शत्रुघ्न यांनी गरीब कुटुंबांतील तीस ते साठ वयाच्या स्त्रियांची तपासणी केली व २००५ मध्ये तिचा वृत्तांत छापला. या स्त्रियांच्या पोटात जाणारे कॅल्शियम गरजेच्या मानाने फारच तुटपुंजे, आणि हाडेही तशीच दुबळी आढळली.

पण हा प्रश्न केवळ गरिबीचा नाही. आपल्या घरांत दूध येत नाही काय? येते. ते मुलांना मिळते, घरधन्याला मिळते, पाहुण्यांच्या चहाला मिळते. गृहिणीच्या वाट्याला चहात घातलेला एक पळीभर येतो. सर्वांच्या मागून जेवावे आणि उरलेले संपवावे, या जुन्या वळणाचे गोडवे आपण फार गातो. मला त्यात गोडवा दिसत नाही.

आपल्या देशाच्या पोषणविषयक ताज्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रीला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. आकडा मोठा वाटतो. पण हिशेब मांडून पाहावा. दोन पेले दूध, म्हणजे सुमारे ४०० मिलिलिटर, यात ४८० च्या आसपास. वाटीभर दह्यात १८०. नाचणीचे साठ ग्रॅम पीठ, म्हणजे दोन लहान भाकऱ्या, यात सुमारे २००. राजगिऱ्याची, मेथीची वा शेवग्याच्या पाल्याची भाजी, शंभर ग्रॅम पाला धरला तर अडीचशे-तीनशे. चमचाभर, म्हणजे दहा ग्रॅम, तीळ चटणीत वा भाजीत घातले तर शंभराच्या वर. बेरीज बाराशेच्या पुढे जाते आणि यात दुकानातले महागडे काहीच नाही. तिळातील सगळेच कॅल्शियम अंगी लागत नाही हे खरे. पण दूध न चालणाऱ्यांना तीळ व नाचणी हा मोठा आधार आहे. संक्रांतीला हलवा आणि तिळगूळ वाटून झाले की तिळाचा डबा वर्षभर मागच्या फळीवर जातो. तो पुढे आणावा.

पालकाबद्दल मात्र एक गैरसमज आहे. पालकात ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य पुष्कळ असते व ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवते. दुधातील कॅल्शियमपैकी सुमारे तीस टक्के अंगी लागते, तर पालकातील पाचच टक्क्यांच्या आसपास. पालक अन्य गुणांसाठी अवश्य खावा. हाडांसाठी मेथी, शेवगा बरा. तसेच २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून मध्य प्रदेशात कोदो-कुटकीचे कौतुक फार वाढले. ती धान्ये चांगलीच. पण 'भरडधान्य' म्हणजे सगळे एक, असे नव्हे. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असते, कोदो-कुटकीत पंधरासोळाच. नाचणी येथील बाजारात 'रागी' या नावाने मिळते, हे नागपूर-विदर्भाकडून आलेल्या घरांना सांगावयास हवे, कारण त्यांच्या स्वयंपाकात ज्वारीचेच राज्य असते.

उपवासाचेही पाहू. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी मिळून कित्येक भगिनींचे महिन्याचे आठदहा दिवस साबुदाण्यावर निघतात. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळपणा. त्यात कॅल्शियमही नाही आणि प्रथिनेही नाहीत. प्रथिनेही म्हणण्याचे कारण असे की, हाडाचा सांगाडाच प्रथिनांचा असतो, कॅल्शियम त्यात भरले जाते. व्रत मोडावे असे मी म्हणत नाही. राजगिऱ्याची लाही दुधात, राजगिऱ्याच्या पिठाचे थालीपीठ दह्याबरोबर, शेंगदाण्याचे कूट, हे सर्व उपवासाला चालते. दुसरीकडे लोणची-पापड यांतील मीठ फार झाले तर लघवीवाटे कॅल्शियम अधिक जाते, हेही ध्यानी असावे.

एवढे कॅल्शियम पोटात गेले तरी ते आतड्यातून रक्तात शिरण्यास 'ड' जीवनसत्त्व लागते, आणि ते देण्याचे काम मुख्यतः सूर्याचे. सूर्यनारायणाच्या या देशात त्याची टंचाई कशी, असे वाटेल. पण दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत झालेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत धडधाकट डॉक्टर, परिचारिका व गरोदर स्त्रिया यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व फार कमी आढळले. उन्हात वावरणाऱ्या सैनिकांची स्थिती त्या मानाने बरी होती. आपल्या वस्तीचाच इतिहास पाहा. १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ नव्या मध्य प्रदेशची राजधानी झाली आणि नागपूरच्या सचिवालयातील कितीतरी मराठी कुटुंबे इकडे आली. त्या काळच्या सरकारी क्वार्टरांना बहुधा अंगण असे. त्या अंगणात पापड-कुरडया घालणे, गहू वाळविणे, तुळशीला पाणी घालणे यांत बायांना आपसूक ऊन मिळे. आज त्यांच्या मुली-सुना कोलार रस्त्याकडील उंच इमारतींत राहतात, बंद मोटारीतून बाहेर पडतात आणि ऊन लागू नये म्हणून तोंडाला ओढणी गुंडाळतात. पापड दुकानातून येतात.

"सकाळचे कोवळे ऊन घ्यावे" हा उपदेश आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. तो सुखाचा आहे, पण या कामी अपुरा आहे. त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार करणारे किरण सूर्य तिरपा असताना हवेच्या जाड थरातच अडतात. ते मिळतात सकाळी दहा-अकरापासून दुपारी दोन-तीनपर्यंत. खिडकीच्या काचेतूनही ते येत नाहीत. म्हणून काचेआड पाठ शेकण्याने ऊब मिळते, जीवनसत्त्व मिळत नाही. हात, पाय, चेहरा यांवर पंधरावीस मिनिटे ते अर्धा तास, आठवड्यातून चारपाच दिवस, एवढे पुरे. सावळ्या रंगाला थोडा अधिक वेळ लागतो. मे महिन्यातील भोपाळच्या दुपारी मात्र हा प्रयोग कोणी करू नये. तेव्हा दहाच्या सुमारासच उरकून घ्यावे. ज्यांना जमत नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून औषध घ्यावे. आठवड्यातून एकदा घ्यावयाची साठ हजार युनिटांची पुडी आता सर्वांना ठाऊक झाली आहे. ती ठराविक आठवड्यांसाठी असते. काही जणी ती न विचारता वर्षानुवर्षे घेतात, त्यातून रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो. काही कंपन्यांच्या दुधात हे जीवनसत्त्व मिसळलेले असते. पिशवीवर निळ्या रंगात अधिक चिन्ह व इंग्रजी 'एफ' अक्षर असते, ते पाहून घ्यावे.

तिसरी गोष्ट हालचाल. ज्या हाडावर भार पडतो ते मजबूत होते, ज्यावर पडत नाही ते झिजते. जर्मन शल्यचिकित्सक यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच हे मांडले. अंतराळात वजन जाणवत नाही, त्यामुळे तेथील प्रवाशांच्या खुब्याच्या हाडाचा महिन्याला एक टक्क्याहून अधिक भाग घटतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचेही थोडे असेच होते. वाढत्या वयाच्या मुलींना उड्या, दोरी, कबड्डी, लंगडी हवी. मंगळागौरीची फुगडी, झिम्मा, पिंगा हे खेळ म्हणजे हाडांना पौष्टिकच! ते वर्षातून एका रात्रीपुरते, तेही भाड्याने बोलावलेल्या मंडळाने करून दाखविण्यापुरते उरले, याचे वाईट वाटते. प्रौढ स्त्रियांना भरभर चालणे, जिने चढणे, थोडे वजन उचलणे चांगले. चालण्याला आपल्या तुलसी नगर-शिवाजी नगराइतके सावलीचे रस्ते भोपाळात थोडेच असतील. ही झाडे तोडून आमदार-मंत्र्यांची घरे बांधण्याचा बेत २०२४ च्या जूनमध्ये पुढे आला, तेव्हा वस्तीतील बायांनी झाडांना मिठ्या मारल्या आणि शासनाला तो सोडावा लागला. राखलेल्या त्या सावलीखाली रोज अर्धा तास चालावे. एवढे मात्र खरे की, हाडांच्या व्यायामाला सावली चालते, 'ड' जीवनसत्त्वाला नाही!

व्यायामाबाबत एक सावधगिरी. पाठीच्या मणक्यांचा ठिसूळपणा ठरलेला असेल तर कमरेतून पुढे वाकण्याची आसने, जसे पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, आणि म्हणून सूर्यनमस्कारही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. पुढे वाकताना मणक्याच्या पुढच्या कडेवर दाब येऊन तो चेपला जाऊ शकतो. जमिनीवरची भरलेली बादली वाकून उचलतानाही हेच घडते.

हे दुखणे ओळखावे कसे? येथेच सर्वांत मोठी फसवणूक आहे. गुडघे दुखणे, बोटांचे सांधे सुजणे, सकाळी अंग आखडणे हे संधिवाताचे प्रकार. हाडांचा ठिसूळपणा वेगळा. तो दुखत नाही. मोडेपर्यंत काही सांगत नाही. मणक्याचे हाड चेपले तरी तीनपैकी दोन वेळा रुग्णाला ते कळतही नाही; 'कंबर भरली' म्हणून बाई शेक घेते व कामाला लागते. असे दोनचार मणके चेपले की उंची कमी होते, पाठीला बाक येतो, पोट पुढे येते, थोडे खाल्ले तरी गच्च वाटते. आजीबाईचा बाक हा म्हातारपणाचा नैसर्गिक आकार नव्हे; बहुधा ती न कळलेल्या मोडींची खूण असते. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटरने उंची घटली असेल, पूर्वी हाताला लागणारी फळी आता लागत नसेल, तर पाठीचे क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. आईचे खुब्याचे हाड मोडलेले असणे, शरीर फार कृश असणे, पाळी पंचेचाळिशीच्या आत जाणे, तंबाखू-मिश्री, थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा अधिक पडणे, आणि दमा वा संधिवातासाठी तीन महिन्यांहून अधिक काळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेणे, या धोक्याच्या खुणा आहेत. सांधेदुखीवर लगेच गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा हेच स्टिरॉइड दळलेले असते.

खात्रीची तपासणी म्हणजे डेक्सा. कंबरेच्या मणक्यांचे व खुब्याचे क्ष-किरणांनी मोजमाप होते. सुई नाही, वेदना नाही, किरणांची मात्राही अत्यल्प. तरुण निरोगी स्त्रीच्या हाडांशी तुलना करून जो अंक येतो त्यास टी-स्कोअर म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरविल्याप्रमाणे उणे एकपर्यंत ठीक, उणे एक ते उणे अडीच म्हणजे हाड विरळ होत आहे, आणि उणे अडीच वा त्याहून खाली म्हणजे ठिसूळपणा. पासष्टी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने, आणि वरीलपैकी धोका असल्यास पाळी गेल्यानंतर लवकरच, ही तपासणी करावी. औषध कंपन्यांच्या फुकट शिबिरांत टाचेवर यंत्र लावून जो आकडा देतात, तो डेक्सा नव्हे. त्यावरून फार तर पुढे तपासावे काय एवढे कळते. त्या आकड्यावर घाबरून महागडी पावडर विकत घेऊ नये, व निर्धास्तही होऊ नये.

औषधे आता चांगली आहेत. कॅल्शियमच्या गोळ्या हे औषध नव्हे, आहारातील तूट भरण्याचे साधन आहे. एका वेळी पाचशे मिलिग्रॅमहून अधिक घेऊन उपयोग नाही, आणि कार्बोनेट प्रकारची गोळी जेवणाबरोबर घ्यावी. खरे औषध कुरतडणाऱ्या पेशींना आवरणारे असते. ॲलेंड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा घेतात. ती सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गिळावी आणि पुढे अर्धा तास काही न खाता, चहाही न पिता, ताठ बसावे वा उभे राहावे. आडवे झाल्यास अन्ननलिकेला जखम होते. 'चहाबरोबर गोळी' या आपल्या सवयीने हे औषध निव्वळ वाया जाते. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी झोलेड्रोनिक आम्लाची वर्षातून एकदा शिरेतून देण्याची सोय आहे. डेनोसुमॅब नावाची सुई सहा महिन्यांनी त्वचेखाली देतात. तिची तारीख मात्र चुकवू नये, कारण ती मध्येच सोडली तर हाडे झपाट्याने विरळ होऊन मणके चेपण्याचा धोका असतो. फारच दुबळ्या हाडांसाठी टेरिपॅराटाइडची रोजची सुई नवे हाड घडविते. गोळ्यांनी जबड्याचे हाड कुजते, ही भीती ऐकून पुष्कळ जणी औषध टाकतात. असे होते, पण क्वचित. दात काढावयाचा असेल तर तो औषध सुरू करण्यापूर्वी काढावा आणि दंतवैद्याला औषधाचे नाव सांगावे. पाचएक वर्षांनी गोळ्यांना विश्रांती द्यावी काय, हे डॉक्टर ठरवितात. आपण ठरवू नये.

घरातले पडणेही टाळता येते. न्हाणीघरात भिंतीला पकडदांडा, कोरडी जमीन, रात्रभर मंद दिवा, दाराशी सरकणाऱ्या पायपुसण्याला रजा, पायात झिजलेल्या सपातांऐवजी मागून पट्टा असलेली चप्पल. मोतीबिंदू 'पिकण्याची' वाट न पाहता काढून घ्यावा. झोपेच्या गोळ्यांनी रात्री तोल जातो. पाऊसकाळी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला आजींनी धावू नये. भिजले तर भिजले.

आणि इतके करूनही खुबा मोडलाच तर? चोळणाऱ्या-बांधणाऱ्याकडे नेण्यात दिवस घालवू नयेत. शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होऊन रुग्ण लवकर उठून बसावा, यातच तिचा जीव आहे. कारण खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांतील एक वर्षभरात दगावतो, आणि तो मोडलेल्या हाडापेक्षा अंथरुणाने, न्यूमोनियाने, शय्याव्रणांनी. "या वयात कशाला ऑपरेशन" असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे ठाऊक नसते. आपल्या तुलसी नगरातच जयप्रकाश जिल्हा रुग्णालय आहे, ज्याला भोपाळकर अजून 'बारा सौ पचास' म्हणतात. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षे पुरी झालेल्या प्रत्येकास उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचाराची सोय आहे. त्याचे कार्ड आधारपत्रावरून निघते, आणि ते अपघातानंतर धावपळीत नव्हे, आधीच काढून ठेवावे.

शस्त्रक्रिया झाली, हाडात सळई बसली, बाई काठी घेऊन घरी आली की सर्वांना वाटते, सुटलो. येथे सर्वांत मोठी चूक होते. मोडलेले हाड जोडले गेले, पण ज्या ठिसूळपणाने ते मोडले त्यावर कोणी औषधच लिहून दिलेले नसते. एकदा मोडलेल्या बाईचे दुसरे हाड मोडण्याचा धोका दुपटीने वाढलेला असतो, आणि पहिली दोन वर्षे तो सर्वांत अधिक. म्हणून रुग्णालयातून घरी सोडण्याच्या दिवशी मुलाने वा सुनेने शल्यचिकित्सकांना विचारावे : हाडांच्या ठिसूळपणावर औषध कोणते, ते केव्हा सुरू करावयाचे, 'ड' जीवनसत्त्व तपासले आहे काय, आणि पुढची डेक्सा केव्हा? उत्तरे सुटीच्या कागदावर लिहून घ्यावीत. मनगट मोडून प्लॅस्टर घातलेल्या पन्नाशीच्या बाईनेही हेच प्रश्न विचारावेत. मनगट बहुधा पहिले मोडते, खुबा त्यानंतर दहावीस वर्षांनी, आणि मधल्या काळात उपचाराला पुष्कळ अवधी असतो.